पुरे म्हणजे पूरा

नाही, पण मला एक सांगा, या पट्ट्याला आता भोक पाडायचं तरी कुठे? पट्टा संपला! सरकारी पट्टा आहे हो, एअर फोर्सचा... आणि काल रात्री गुहागरात एसटीतून उतरल्यापासून जो भेटतो तो पोटाकडे बघून एकच म्हणतो, "काय नंदकुमार, पंजाब मानवला वाटतं!" मानवला म्हणे! तुम्ही पेपर वाचता की नाही? संध्याकाळ झाली की चंदीगडचे रस्ते ओस, चौकाचौकात वाळूची पोती, पोत्यांमागे बंदूक, बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून जिकडेतिकडे पाट्या... आणि अशा ठिकाणाहून माणूस सुट्टीवर येतो तो काळजीने खंगून यायला हवा की नाही? मी आलो हा असा. अहो, पण वजन वाढवायचं होतं कुणाचं? बायकोचं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाही, लाडू नको. बरं, ठेवा तिथे.

आमची स्मिता तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नात हार घालायला पुढे आली तेव्हा मामा म्हणाला, हार जड पडेल तिला. तिकडे बदली झाली, त्याच वर्षी एकदा दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात... जाऊ दे. त्यावर आम्ही दोघं बोलत नाही. दुसऱ्यांदा राहिले तेव्हा तिथली डॉक्टरीण, चष्म्यातून बघणारी, तिने स्मिताला काट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे वळून हिंदीत सरळ सांगितलं, की ही फार अशक्त आहे, दर महिन्याला हिचं वजन वाढलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर मागच्यासारखं व्हायला वेळ लागणार नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात देवाखालोखाल काटा.

आता क्वार्टर मिळाला नव्हता म्हणून आम्ही राहायचो सेक्टर वीसमध्ये भाड्याने, वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण, बीजी. सरदारीण, साठीच्या पुढच्या, नवरा गेलेला, एकुलता मुलगा कॅनडात, आणि अंगापिंडाने अशा की जिन्यात त्या वर येत असल्या तर मी परत वर जायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली, "काका!" मी म्हटलं, झालं, सत्ताविसाव्या वर्षी काका झालो. नंतर कळलं, पंजाबीत काका म्हणजे बाळ. बाळ! आणि स्मिताला दिवस गेलेत हे कळल्यावर वर-खाली बघून म्हणाल्या, "इक काके नूँ दूजा काका... ते दोनों भुक्खे!" म्हणजे एका बाळाला दुसरं बाळ होणार आणि दोघंही उपाशी.

उपाशी? अहो, आम्ही जेवायचो! आमटी-भात, भाजी, ताक. बीजींनी एकदा आमचं ताट पाहिलं आणि विचारलं, की हे झालं, आता जेवण कधी? भात त्यांच्या लेखी आजारी माणसाचं खाणं. त्या दिवसापासून जी सरबत्ती सुरू झाली... सकाळी पराठा, पराठ्यावर लोण्याचा गोळा, दुपारी राजमा, चार वाजता पिन्नी म्हणून लाडू, कणीक आणि तूप आणि गूळ आणि डिंक, हातात घेतला तर मनगट वाकतं, आणि दोन वेळा म्हशीचं दूध, पितळेच्या ग्लासात. ग्लास कसला, लोटीच ती! दूध यायचं त्यांच्या भावाकडून. खरड गावाच्या पलीकडे त्यांचं गाव, भाऊ गुरबचनसिंग, आम्ही मामाजी म्हणायचो, रोज पहाटे स्कूटरला कॅन बांधून यायचे आणि खालूनच ओरडायचे, "कुड़ी ने पीता के नहीं?" पोरीने प्यायलं की नाही?

आता इथे तो घोटाळा झाला. स्मिता स्वभावाने गरीब, त्यातून तिला उलट्या, त्यातून दूध साय धरलेलं. बीजी ओतायला लागल्या की ती हात आडवा धरायची आणि म्हणायची, "पुरे, पुरे!" आणि बीजी काय ऐकायच्या? "हाँ पुत्त, पूरा, पूरा!" आणि काठोकाठ! ती आणखी काकुळतीला येऊन "अहो पुरे!", की ह्या आणखी खूश, वा, पोरीला भूक लागली, आणि वर साखर! तुम्हाला सांगतो, आपल्या भाषेत जो शब्द थांबवायला तोच त्यांच्या भाषेत भरायला. मी समजावून सांगायला गेलो हो एकदा. म्हटलं बीजी, पुरे मतलब बस. त्या म्हणाल्या, "बस तो अड्डे पे मिलेगी, तू पराठा खा."

मग ते दूध जायचं कुठे? सांगा ना! बीजी जिना उतरल्या की स्मिता ग्लास माझ्यापुढे सरकवायची. "तुम्ही प्या हो, परत पाठवलं तर त्यांना वाईट वाटेल." नुसतं दूधच नाही, पराठ्याचा पाऊण भागही. मला म्हणाल तर मी विरोध केला, पण तोंडात पराठा असताना विरोध करणार किती? महिन्याने डॉक्टरणीकडे गेलो. स्मिता काट्यावर चढली, काटा होता तिथेच. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला, परत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या शर्टाच्या ताणलेल्या गुंड्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, वजन तर वाढलंय, पण आईचं नाही. आता बोला! वजन वाढवायचं होतं बायकोचं!

बीजींना हे सांगायची सोय नाही. त्यांचा जीव त्या खायला घालण्यात का अडकला होता ते मला एकदा दिसलं होतं ना. मुलाने कॅनडाहून फोटो पाठवला होता. बर्फ, रस्ता, आणि हा अर्धी चड्डी घालून पळतोय, चेहरा उतरलेला, गालांची हाडं वर आलेली. बीजी फोटो घेऊन वर आल्या, पदराने... म्हणजे चुन्नीने डोळे पुसत, आणि मला अगदी हळू विचारलं, "काका, ये किसके डर से भाग रहा है?"

आता त्या वर्षांत, त्या गावात, सरदारणीने हा प्रश्न विचारावा... मी सांगितलं, बीजी, तिकडे कुणी मागे लागलेलं नाही, तिकडची माणसं वजन उतरवायला पळतात. त्यांचा विश्वासच बसेना. म्हणजे आधी खातात, मग ते उतरवायला पळतात? मग खातात कशाला? म्हटलं, खातातही कमीच, सकाळी थंड दुधात काहीतरी कुरकुरीत बुडवतात. त्या उठल्या. मग खाली गेल्या आणि माझ्यासाठी गाजराचा हलवा घेऊन आल्या. तो परत पाठवायचा? तुम्ही पाठवला असता?

ऑफिसलाही डबाभर पिन्न्या द्यायच्या. एकदा नाक्यावर जवानाने अडवलं. डबा उघड म्हणाला. गोल, जड, काळपट... तो दोन पावलं मागेच सरकला. मी घाईघाईने एक उचलून खाऊन दाखवली. दुसरीही खा म्हणाला. खाल्ली. मग त्याने एक खाल्ली, त्याच्या साहेबाने एक खाल्ली, आणि पुढे रोज थांबवायला लागले. देशाच्या सुरक्षेसाठीसुद्धा मीच खाल्लं, आणि वजन वाढवायचं होतं...

हां. तर मग ती सकाळ.

मामाजी आले नाहीत. दूध नाही, हाक नाही. स्मिता म्हणाली, स्कूटर बिघडली असेल. दहाच्या सुमाराला गावाकडचा एक माणूस आला, आणि खालून बीजींचा जो आवाज आला, तो मी काही तुम्हाला करून दाखवणार नाही. आदल्या संध्याकाळी घराकडे परतताना मामाजींना रस्त्यात गोळ्या घातल्या होत्या. कुणी, कशाला, ते आम्हाला कधीच कळलं नाही. दूधवाला माणूस हो तो. स्कूटरला कॅन बांधून जाणारा.

माणसं आली, ग्रंथसाहिबाचा पाठ झाला, भोग म्हणजे पाठाची समाप्ती झाली, माणसं गेली. आणि खालचा चूल-शेगडीचा आवाज बंद झाला. ते कणीक थापटणं, फोडणीचा तो चर्रर्र... मी इतके महिने ज्याच्या नावाने ओरडत होतो ना, ते थांबलं तर मला घरात बसवेना. बीजी जेवत नव्हत्या. शेजारणी ताटं आणायच्या, तशीच परत जायची. अंगावरचा कमीज सैल दिसायला लागला त्यांच्या. आणि वर स्मिताचं काय? तिचंही खाणं सुटलं. ती म्हणायची, माझ्यासाठी येत होते हो ते. मला रात्री झोप लागायची नाही. तारीख जवळ येत होती काट्याची.

एके दिवशी स्मिता उठली, मऊ भात केला. आपला साधा, वर तूप, मीठ, मेतकूट. म्हणाली, मी खाली जाते. मी म्हटलं, अगं, भात? त्यांना? ती पोटावर हात धरून जिना उतरली. मी मागे.

बीजी खाटेवर बसल्या होत्या. स्मिताने घास भरवला. त्यांनी खाल्ला, बहुतेक तिला नको म्हणवेना म्हणून. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "पुरे."

पुरे! स्वच्छ! अगदी आपल्या गुहागरातल्यासारखं! मी दारात उभा, माझ्या डोक्यात लख्ख... म्हणजे ठाऊक होतं! या बाईला अर्थ ठाऊक होता, पहिल्यापासून ठाऊक होता, आणि इतके महिने पूरा पूरा करत ओतत होत्या! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमची ही, जिने जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नाही, तिने त्यांचा हात बाजूला केला, आणखी एक डाव भात वाढला आणि म्हणाली, "हाँ बीजी, पूरा."

बीजींनी तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं. मग रडल्या. दोघी रडल्या, मीही रडलो, त्यात लाजायचं काय? मग बीजींनी ताट दोघींच्या मधे ओढलं आणि म्हणाल्या, "तू खाएगी, तो मैं खाऊँगी."

आणि तसंच ठरलं. रोज दोन्ही वेळा एक ताट, दोघी समोरासमोर. ही एक घास टाळायची तर बीजीही हात आखडायच्या, मग काय बिशाद आहे टाळायची! पुढच्या आठवड्यात दूधही सुरू झालं. मामाजींची बायको, जी गावाबाहेर कधी एकटी पडली नव्हती, ती बसने कॅन घेऊन आली. दारात ठेवलं, म्हणाली, ज्या पोरीला जात होतं तिला जाईल. एवढंच. पाणीही न पिता परतीच्या बसला गेली, कारण अंधाराआधी पोचायला हवं. ते दूध स्मिताने माझ्याकडे सरकवलं नाही. एक थेंब नाही. आणि मीही मागितलं नसतं हो.

काटा हलला. डॉक्टरीणबाईंनी स्मिताच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या महिन्यात आणखी हलला. आणि मार्चमध्ये मुलगी झाली, नर्स म्हणाली, पौने तीन किलो, एकदम ठीक. मी भिंतीला टेकून खालीच बसलो. बीजींनी पोरीला दोन्ही हातांवर घेतलं, जरा वर-खाली केलं, भाजीवाली जोखते तसं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "कमज़ोर है."

निघताना स्टेशनवर निरोप द्यायला आल्या, तोवर पोर तीन महिन्यांची, मनगटांना वळ्या पडलेल्या. तरी पापा घेऊन बजावलं काय? सूख गई है, तिकडे भातावर ठेवून आणखी वाळवू नका. गाडी सुटली तरी चुन्नी हलवत, तेच सांगत होत्या.

आणि काल रात्री आम्ही या ओटीवर पाय ठेवला. आईने पोरीला घेतलं मात्र, एकदम म्हणाली, "अगो बाई, केवढी गो ही! काय घालता काय तिला? अशा पोरांना चालायला उशीर होतो हो!" आणि मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला धावली. आता मला सांगा, पोर तीच, मधे एक रेल्वे आणि एक एसटी. तिकडे सुकलेली, इकडे दृष्ट लागण्याइतकी! खरं वजन कुणाचं धरायचं? डॉक्टरणीचा काटा दोघीही मानत नाहीत. स्मिताला विचारलं तर नुसती हसते. हसते हो आता ती!

काय म्हणतेस गं आई? पानं घेतलीस? अगं, पण आत्ताच लाडू... काय? माझा चेहरा उतरलाय? मी वाळलोय? तिकडे नीट खायला मिळत नाही?

ऐकलंत? आलो, आलो. वाढ, आणखी काय.