रस्त्यावरून दिसणारं गवत

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आपले मृदसंधारण अधिकारी साहेब, उद्यापासून त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या मॅडम, आणि पुढच्या रांगा रिकाम्या असूनही सवयीने मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या उतारावरच्या शेतकरी बंधुभगिनींनो, ज्यांच्या मातीसाठी या जिल्ह्यात वर्षानुवर्षं योजना येतात आणि ज्यांची माती तरीही दर पावसात ओढ्याला जाते, अशा तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

साहेबांविषयी चार चांगले शब्द बोला, असा मला निरोप आला. बोलतो. साहेब सज्जन आहेत. त्यांनी कुणाच्या घरचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. कार्यालयात गेलेल्या माणसाला कधी ताटकळत ठेवलं नाही. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच मी कोड्यात पडतो. माणूस इतका सरळ, तर त्याच्या हातून काम इतकं वाकडं कसं झालं?

मॅडम नव्या आहेत, म्हणून सांगतो. ओढ्याकाठचा पट्टा नांगरू नका, तिथे गवत आणि झाडं राखा, ती माती धरून ठेवतील. तेवढं पीक बुडेल, त्याची भरपाई सरकार देईल. अशी ही योजना. शहाण्या माणसाने लिहिलेली आहे, यात वाद नाही. पण पट्टे झाले कुठे? मोठ्या रस्त्याच्या कडेला, सपाट रानात. ओढा नाही, उतार नाही, पाणी वाहत नाही, आणि गवत मात्र कमरेएवढं. अहो, ते गवत अडवतंय कुणाला? जिथे चोर फिरकत नाही तिथे पहारेकरी बसवलाय, आणि त्याचा पगार चालू आहे.

हसा, हसा. पण सगळ्यात देखणा पट्टा कुणाचा, तेही आठवा. आपले ट्रॅक्टरशेठ, ज्यांनी आज हे सभागृह सजवलं, हार आणले, पंगतीचा भार उचलला. ते आत्ता माझ्या मागून म्हणताहेत, "आवरा, जेवण गार होतंय." होऊ द्या शेठ. उतारावरच्यांना गार जेवायची सवय आहे.

आता जे सांगतो ते माझ्या वहिनींचं आहे, तेव्हा माझ्यावरही खुशाल संशय घ्या. माझा भाऊ गेल्यापासून शेत त्याच पाहतात. योजनेच्या भरवशावर त्यांनी ओढ्यालगतचं रान सोडलं, गवत लावलं, झाडं जगवली. मग पाहणीची गाडी आली, शेठचीच, पांढरी. मी तिथेच होतो. पुढच्या सीटवर वाट दाखवायला शेठ, मागे साहेब. काच खाली झाली.

"साहेब, जरा उतरता का? पट्टा खाली आहे," वहिनी म्हणाल्या.

"इथून दिसतंय की," साहेब म्हणाले.

"काय दिसतंय?"

"तुमचा बांध."

"तो शेजाऱ्याचा. माझं रान त्याच्या पलीकडे."

तेवढ्यात शेठ म्हणाले, "साहेब, खाली चिखल आहे. आणि नकाशात या अंगाला ओढाच नाही."

"मग माझी जनावरं पाणी कुठे पितात, शेठ? नकाशात?"

साहेब हसले. अगदी मोकळेपणाने हसले. मग काच वर गेली, आणि वहिनींचा पट्टा 'आढळला नाही'.

चिखल होता, हे खरं. पण साहेबांच्या बुटांची काळजी शेठना का? जिल्ह्याच्या वाट्याला येणारा निधी ठरलेला असतो. उतारावर जे आढळत नाही, ते सपाटीवर आढळतं. माझ्याकडे पुरावा नाही, शेठ, उगाच उठू नका. मी फक्त एवढं पाहिलंय की पाहणीची गाडी जिथे जिथे थांबली, तिथे काच खाली करणारे साहेब होते आणि गाडी थांबवणारे तुम्ही होता.

परवा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, कुणी न पाहिलेलं गवत किती दिवस राखू? येत्या पेरणीला नांगर घालते." काय उत्तर द्यायचं त्यांना? तो पट्टा नांगरला की पहिल्या जोराच्या पावसात ती माती थेट खालच्या तळ्यात. आणि त्या तळ्याचं पाणी आपण सगळेच पितो. शेठसुद्धा पितात.

साहेब, तुमच्यावर राग नाही. आता नोकरीची घाई नाही, तेव्हा एकदा सवडीने आमच्याकडे उतरा; चहा तेव्हा तरी फुकट घ्या. माझी काळजी मॅडमची आहे. मॅडम, बसस्थानकावरून तुम्हाला इथे कुणी आणलं? बाहेर उभी असलेली पांढरी गाडी मी ओळखतो. पाहुणचार आहे, कबूल. तुमच्या मनात काही वावगं नसेलच. साहेबांच्याही मनात नव्हतं. पण गाडी कुठे थांबणार, हे मागच्या सीटवर ठरत नाही.

निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, हे मला कळतं. कुणाचा मान दुखावला असेल तर तो माझ्या जिभेचा दोष समजून पोटात घाला. साहेबांना पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा, आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल सर्वांचे आभार.

मागणं एकच आहे, मॅडम. जेवण झालं की त्या गाडीत बसू नका. मागच्या दाराने बाहेर पडा आणि आमच्याबरोबर चालत ओढ्यापर्यंत चला. आजच चला. चिखल आहे. वहिनींनी आपले गमबूट दाराशी काढून ठेवलेत. तुम्हाला बसतील, असं त्या म्हणतात. त्या स्वतः अनवाणी येणार आहेत.