रामाजींची सून

झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं खलनायक रंगवणारे रामाजी गडचिरोलीच्या बसस्थानकावर चहा पीत बसले होते. मागच्या बाकावरून मुलाचं नाव कानी आलं आणि कप ओठांशीच थांबला. दोन बाया बोलत होत्या.

"प्रफुल मास्तर हाय, सोभावानं गरीब हाय. मंग तू नाई काऊन म्हनते, रंभाबाई?"

"त्याचा बाप नाई पाह्यला काय? दर मंडईच्या जत्रेले नाटकात सुनेले जाळते."

"अवो, ते नाटक हाय!"

"अन् सिनेमात? तिथीबी सुनेले विहिरीत ढकललं. एवढ्या मोठ्या लोकायनं त्याले पारखूनच घेतलं असन ना? मी माही स्वाती त्या घरी देत नाई."

रामाजींना राहवेना. ते उठले, वळले आणि त्यांनी हात जोडले.

"बाई, मीच प्रफुलचा बाप. मले पोरगी नाई. तुमची स्वाती माह्या घरी लेकीवानी राहीन."

रंभाबाईनं घाबरून सोबतिणीचा हात धरला.

"ऐकलं काय, मंजुषा? पहिल्या अंकात सुनेच्या मायले हेच सांगते!"