पाचवं नाव

—नाही, नाही, मान सरळ ठेव आर्लीथा, केस सरळ करायची लोखंडी फणी आत्ताच शेगडीवरून उचललीय, कानाला लागली तर उद्या प्रत्येक फोटोत तुझा भाजलेला कान येईल आणि लोक म्हणतील, व्हर्डेलने मुद्दाम केलं. बोलूही नकोस. जबडा हलला की कान हलतो. मी बोलते, तू ऐक— साठ वर्षं तू व्यासपीठावरून बोलतेयस आणि आम्ही खाली बसून ऐकतोय, आज तासभर उलटं होऊ दे. तिकडे क्लीव्हलंडात काय केस करणारी दुकानं कमी आहेत? नाहीत. पण मीच फोन केला ना तुला, म्हटलं, उद्या शाळेचं संग्रहालय म्हणून उद्घाटन, अख्खं टॉलिव्हर गाव लोटणार, राजधानीतनं माणसं येणार, तिच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात कशाला? आठवीपर्यंत तुझ्या वेण्या कोण घालायचं? मीच. माउंट ऑलिव्हच्या आपल्या शाळेच्या पायरीवर बसून. ती तर पाडली त्यांनी, तिथे टायरचं दुकान आहे आता. आपली शाळा कुणी जपली नाही. जपली कुठली, तर जिथे आपल्याला घेत नव्हते ती गोऱ्यांची.

जपली म्हणजे काय, तुझी शाळा म्हणून जपली. माझ्याही तोंडून तेच येतं बघ— आर्लीथाची शाळा. किती वर्षं होतीस गं तू तिथे? चार. आणि मी? सव्वीस. उठू नकोस, सांगते— सव्वीस वर्षं मी टॉलिव्हर हायच्या जेवणघरात मक्याचा पाव भाजला, काळ्या पोरांना भाजला, गोऱ्या पोरांना भाजला, ज्यांचे बाप तुझ्यावर थुंकले त्यांच्या पोरांनाही ताटात जास्तीचा तुकडा टाकला, कारण पोर ते पोर. आणि परवा बघायला जाते तर माझं स्वयंपाकघरच नाही. सपाट. त्या वारसा खात्याच्या मुलीला— मिस हॅनली, चांगली आहे, दात जरा पुढे आहेत— तिला म्हटलं, अगं, इथे माझ्या भट्ट्या होत्या. तर म्हणते कशी, मिसेस मिम्स, तो भाग एकाहत्तर साली बांधलेला, आणि आम्हाला इमारत पासष्टच्या सप्टेंबरात होती तशी करायचीय. पासष्टचा सप्टेंबर. तुझा पहिला दिवस. म्हणजे त्यानंतरचं सगळं खरवडून टाकायचं, आणि टाकलंच— भिंतींचा पिवळा रंग चाकूने खरवडून खालचा तो जुना हिरवा वर काढला. पिवळा मी निवडला होता. मुख्याध्यापक स्वतः खाली आले होते मला विचारायला. आता माझ्या भट्टीच्या जागी टेबल आहे, त्यावर कप विकायला ठेवलेत, आणि कपावर कोण? तूच. तुझ्या तोंडात कॉफी ओतायची नि प्यायची.

हसू नकोस, मान. केक दाखवला का तुला चर्चमधल्या बायांनी? मोठा, दोन माणसांनी उचलायचा, त्यावर साखरेने तोच पहिल्या दिवसाचा फोटो काढलाय, तू शाळेच्या पायऱ्यांवर एकटी, मान मागे वळवलेली. आणि तीन दिवस त्यांचं भांडण चाललंय, तोंडावरनं सुरी कोण फिरवणार. कुणी तयार नाही. मला विचारलं असतं तर मी फिरवली असती. नाकाचा तुकडा घेतला असता. का? खोटं कशाला बोलू, या वयात— माझ्या पोटात दुखतं. तुझं काही चांगलं झालं की दुखतं. तुला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा दुखलं, तू मुख्याध्यापिका झालीस तेव्हा दुखलं, तुझा नवरा गेला तेव्हा मी रडले, खरंच रडले, पण पेपरात त्याच्याही बातमीत तुझा तो फोटो छापला तेव्हा परत दुखलं. आता ही मानेवरची बट दे, खाली वाक. इथले केस अजून तसेच हट्टी आहेत तुझे.

तर कामाचं बोलते. भिंतीवर चार नावं आहेत ना— तुझं, त्या दोघा बोझमन भावांचं आणि क्लेमीचं. पहिल्या दिवशी आत गेलेली चार पोरं. भाऊ गेले, क्लेमी गेली, उरलीस तू एकटी. आणि चार नावांखाली जागा आहे. मी बोटांनी मोजली, पाचवी पितळी पट्टी सहज बसते. मिस हॅनलीला मी सांगितलं, पाचवी मुलगी होती, माझ्या आईनेही सही केली होती, माझा कागद त्या शिक्षण कचेरीत गहाळ केला, फाडला, काय केलं देव जाणे. सगळ्या गावाला ठाऊक आहे ते. ती म्हणाली, मला वाटतंच आहे खरं, पण आमच्याकडे पुरावा नाही, मात्र मिस आर्लीथांनी उद्या दहाच्या आत सांगितलं की हो, व्हर्डेलने कागद दिला होता, तर मी पट्टी करून घेईन, त्यांचा शब्द पुरे. तुझा शब्द पुरे. माझा नाही. असो. तर एवढंच म्हणायचं तू— पाचवी व्हर्डेल होती. काय जातं तुझं? तुझं नाव पुसत नाही कुणी.

आणि खोटं कुठे आहे त्यात? आईने सही केली नव्हती? घरोघरी तो कागद आला होता त्या वसंतात, पोराला कुठल्या शाळेत घालायचं तिथे खूण करा, सही करा. साऱ्या वस्तीने माउंट ऑलिव्हवर खूण केली नि गप्प बसली. चार आयांनी, पाच पोरांसाठी, टॉलिव्हर हायवर केली. आणि माझी आई कोणाकडे कामाला? लेथमबाईंकडे. नवरा त्यांचा शिक्षण मंडळावर. सही केली म्हणजे चूल गेली, हे कळत होतं तिला, तरी तिने हात धुतले, पुसले, टेबलाशी बसली आणि पूर्ण नाव लिहिलं, इतकं सावकाश की मला वाटलं झोपली. मग म्हणाली, जा, आर्लीथाबरोबर टाकून ये. आणि आपल्या दोघींना एकाच निळ्या कापडाचे झगे शिवले तिने, पहिल्या दिवसासाठी. तुझाही तिनेच शिवला. हे सांगतेस का गं कधी भाषणात? नाही सांगत.

आपण दोघी गेलो. तू आधी आत गेलीस, बाहेर आलीस, हातात कागद नाही, म्हणालीस, सोपं आहे, पेटीत टाकायचा नि यायचं. मग मी गेले. आत तो कारकून बसला होता, सफरचंदाची साल काढत, एकच लांब साल. वर बघून म्हणाला, तू कुणाची गं? मी आईचं नाव सांगितलं. म्हणाला, लेथमांकडे स्वयंपाकाला असते ती? बस, एवढंच. ओरडला नाही, शिवी दिली नाही. परत साल काढायला लागला. आणि मी म्हटलं— मी म्हटलं, प्यायला पाणी मिळेल का? तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, बरं. आणि बाहेर आले, आणि तू विचारलंस टाकला का, मी म्हटलं टाकला.

आरशात असं का बघतेस? मान खाली. टाकला म्हणजे— टाकायलाच गेले होते ना मी. अर्धं काम तर ते— हे बघ, फणी गार झाली, थांब. थांब जरा.

नाही टाकला. झालं समाधान? पायमोज्यात घालून आणला घरी. त्या खणात आहे, पिनांच्या डब्याखाली, अजून. मिस हॅनली जिल्हाभर अस्सल कागद शोधतेय, एकही मिळत नाही तिला, आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन वेळा लिंबाचा केक खाऊन गेली, खणापासून हातभर अंतरावर. आईची नोकरी राहिली. अकरा वर्षं राहिली. आणि आई मरेपर्यंत त्या कारकुनाला शाप देत होती, माझ्या लेकीचा कागद खाल्ला मेल्याने. मी एकदाही म्हटलं नाही, आई, त्याने फक्त सफरचंद खाल्लं.

आणि पहिल्या दिवशी मी तिथेच होते. हो. शाळेसमोर दाणावैरणीचं दुकान होतं ना, त्यात, पोत्यांच्या मागे. ठरलं होतं की पेकनच्या झाडाखाली भेटायचं. बाकी तिघं पुढे गेली, तू थांबलीस. किती वेळ थांबलीस. मी बघत होते तू थांबलीस ते. मग एकटी निघालीस— म्हणून एकटी, आर्लीथा, शूर म्हणून नाही, माझी वाट बघण्यात उशीर झाला म्हणून. आणि पायऱ्यांवर मान वळवलीस आणि पेपरच्या माणसाने फोटो काढला. पुस्तकात काय लिहितात? जमावाच्या डोळ्याला डोळा भिडवणारी मुलगी. अगं, गोऱ्यांचा जमाव डाव्या हाताला होता. तू उजवीकडे बघतेयस. साठ वर्षांत एका शहाण्याच्या लक्षात आलं नाही. तू मला शोधत होतीस. मी आले असते तर दोघी असतो, आणि पायऱ्या चढणाऱ्या दोन मुलींकडे कोण बघतंय? तो फोटो माझ्यामुळे आहे. कप माझ्यामुळे आहेत. तुझं सगळं माझ्यामुळे आहे, आणि मला एक वीतभर पितळ मिळू नये?

काय? मोठ्याने बोल, फणी खाली ठेवलीय मी.

निळा. हो, निळाच होता, तुझ्याच कापडाचा, घालून आले होते मी. पोत्यांच्या मागनं निळा दिसला तुला— म्हणजे तू शोधत नव्हतीस. बघत होतीस. मलाच. सरळ माझ्याकडे. आणि कधीपासून— तेव्हापासून? आई तुला अंगणात धरून सांगायची, त्यांनी माझ्या पोरीचा कागद फाडला, आणि तू म्हणायचीस, हो मावशी, वाईट केलं त्यांनी. सगळं माहीत असून म्हणायचीस? आणि फोटोवाल्यांना? त्यांनी विचारलं असेलच, कुणाकडे बघत होतीस. कुणाकडे नाही, म्हणालीस. दरवेळी.

म्हणजे हेही तुझंच. एक गोष्ट होती माझ्याकडे, आर्लीथा, फक्त माझी, लाजेची का होईना, रोज झोपताना उशाशी घेत होते मी ती, कुणाला दिली नाही, नवऱ्याला नाही, देवाला नाही. आणि तीही तुझ्याकडे आधीपासून. आणि वर मला सांभाळून घेतलंस. तुझ्यावर नीट रागावताही येत नाही गं, तेवढीही सोय ठेवली नाहीस.

नाही, खणाला हात लावू नकोस. तो कागद भिंतीवर लावायचा नाही. त्यावर आईची सही आहे आणि ती माझी आहे, तुझी नाही, शाळेची नाही, मिस हॅनलीची नाही. आणि तिला उद्या सांग, पाचवं कुणी नव्हतं. हे मोठेपणाने म्हणत नाही मी, तुझ्या शब्दाने लागलेली पट्टी मला बघवणार नाही म्हणून म्हणते. डाव्या बाजूच्या चार बटा राहिल्यात, राहू देत, टोपी घालणारच आहेस. डोक्याला रुमाल बांध, बाहेर दमट आहे, केस परत फुगतील. काठी दाराशी आहे. ऊठ. आणि जाताना मागे वळून बघू नकोस, आर्लीथा, या वेळी तरी नको. जा.