बांधालगतचा रस्ता

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर आजोबा आपल्या नंबरची वाट पाहत होते. शेजारच्या दोन भावांचं बोलणं आपसूक कानावर पडत होतं.

“दादा, बिल्डरला रस्ता किती रुंद द्यायचा ठरलाय?”

“बारा फूट. बांधालगतची पट्टी. तेवढ्याने काय आपण भिकेला लागतो?”

“कागदावर बारा मीटर आहे.”

“मग? आकडा तोच ना?”

“अहो, चाळीस फूट होतात! बांधापासून तिसाव्या फुटाला आपलं घर आहे!”

“काय सांगतोस! जमीन आईच्या नावावर. आई कुठंय?”

“कारकुनाने मघाशीच आत नेलंय, अंगठ्याला.”

आजोबा काठी टेकत उठले, तोच दार उघडलं.

“पोरांनो, अंगठा नाही, सही केली मी! महिनाभर गिरवत होते ना? एक अक्षर चुकलं नाही!”