ॲपच्या गाडीसाठी मारलेली रेष

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय मोहनराव, उद्यापासून माझ्या जागी रिक्षा संघटनेचे अध्यक्ष होणारे ऋषिराज, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, स्टँडवरचे माझे रिक्षावाले भाऊ, आणि पहिल्या रांगेत पाय लांब करून बसलेली माझी थोरली बहीण छबूआक्का, सगळ्यांना या गेणबाचा नमस्कार.

निरोपाच्या दिवशी माणसाचं कौतुक करायची आपल्याकडे रीत आहे. ती तुम्ही पाळलीत. पण जो उठला तो एकाच गोष्टीवर आला: गेणबा आबांनी ॲपच्या गाड्यांना बारामतीच्या स्टँडवर फिरकू दिलं नाही! टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली ती विनयानं नाही, मंडळी. मला लाज वाटत होती.

आपली तक्रार खोटी होती का? मुळीच नाही. आपण बॅज काढायचा, परमिट काढायचं, ठरलेलं भाडं घ्यायचं. आणि ॲपनं पाऊस आला की भाडं दुप्पट करायचं. गिऱ्हाइकाचं भांडण झालं तर फोनमधून कुणी माणूस बोलत नाही. याला नियम हवा, असं मी आरटीओच्या साहेबलोकांपुढं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. त्यांचा नियम यायला वेळ लागला, तेव्हा आपण आपलाच केला. चौकात चुन्याची रेष मारली. ॲपच्या गाडीनं रेषेच्या आत माणूस उतरवायचा नाही, भरायचाही नाही. चुना मीच आणला होता.

आज दुपारी आक्का या कार्यक्रमाला डाळजहून आली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून नातसुनेनं, निकितानं, ॲपवर गाडी मागवली. गाडी चालवणारी पिंपळीची स्वप्नाली. ती बघा, दाराशी उभी आहे. तिला खुर्ची द्यायचं आपल्यापैकी कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. रेषेवर आपल्या लोकांनी गाडी अडवली.

स्वप्नाली म्हणाली, “म्हातारं माणूस हाय. दारापर्यंत सोडते आन लगीच फिरते.”

“आबांचा नियम हाय,” आपल्या लोकांनी सांगितलं.

मग तिनं गाडी तिथंच लावली आणि आक्काला हाताला धरून उन्हातून चालवत आणलं. वाटेत आपल्या रिक्षा ओळीनं उभ्या होत्या. एकानंही ‘बसा’ म्हटलं नाही, कारण ते ॲपचं गिऱ्हाईक.

आक्का घामाघूम होऊन आत आली. मी हार काढून खाली उतरलो आणि काय बोललो असेन? “आक्का, गेणूची बहीण हाय म्हणून सांगायचं न्हाय व्हय? सोडलं असतं की!”

आक्कानं पाण्याचा घोट घेतला. म्हणाली, “आन जिचा भाऊ अध्यक्ष न्हाय, तिनं काय करायचं रं?”

मंडळी, खरं सांगू? नियम चुकला असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. तो माझ्या माणसावर चालला, एवढंच खटकलं होतं. याचीच जास्त लाज वाटते.

ऋषिराजकडं पदभार जायला अजून थोडा अवकाश आहे. तेवढ्यात एक मागतो. ती रेष पुसू. बॅज, ठरलेलं भाडं, तक्रार ऐकायला जिवंत माणूस, हे ॲपलाही लागू करा म्हणून पुन्हा साहेबांकडं जाऊ. आणि जाताना स्वप्नालीसारख्यांना बरोबर घेऊ. पटत असेल त्यांनी हात वर करावा.

... गोकुळ? ... दिग्विजय, तू तरी? ... एकही हात वर नाही.

ऋषिराज, तुम्हीही खालीच बघताय. असू द्या. तुम्हाला कुठल्या तोंडानं बोल लावू? हे तुम्हाला मीच शिकवलंय.

मोहनराव, ही शाल तुमच्याकडंच ठेवा. मांडववाल्यांचे, आचाऱ्यांचे आणि जेवण निवत असताना माझं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. वागण्यात झालं ते मात्र घालू नका.

आक्का, ऊठ. स्वप्नालीच्या गाडीपर्यंत मी तुला धरून चालतो.