भावाचा अंगठा

मुलगी : तो चष्मेवाला रेसर सर्वोत्तम ड्रायव्हरांच्या यादीत पहिल्या पाचात बसत नाही, मामा. उगाच हट्ट करू नकोस.

मामा : बसत नाही? धो-धो पाऊस, चष्म्यावर चिखल, एका हातानं पुसतोय, दुसऱ्या हातानं वळण घेतोय, तरी पहिला! तुम्हाला आता ब्रेक कधी दाबायचा तेसुद्धा कानात कुणीतरी सांगतं.

मुलगी : आणि आम्ही दुप्पट वेगानं वळतो ते? तुमचा तो चष्मेवाला आज आला, तर पहिल्याच वळणावर मान धरून बसेल.

मामा : आणि तू त्याच्या काळातल्या गाडीत बसलीस तर? आज सकाळी बसलीसच की आईच्या जुन्या गाडीत. यंदाची विजेती तू! किती आली फेरीची वेळ?

मुलगी : एक मिनिट, छप्पन्न पॉइंट दोन सेकंद. खांदे भरून आले, खोटं कशाला बोलू.

मामा : तुझ्या आईनं, माझ्या चिमीनं, त्याच गाडीत, याच ट्रॅकवर, एकतीस वर्षांपूर्वी एक एकोणपन्नास तीन काढली. मग भिंतीवरच्या यादीत तिचं नाव का नाही? यादी रंगवायला बाहेर पेंटर शिडीवर चढलाय.

मुलगी : यादी मला करायला दिलीय. स्वतःच्याच आईचं नाव कसं घालू? ती वेळ सरावातली, हातातल्या घड्याळावरची. आणि घड्याळ कुणाकडे? सख्ख्या भावाकडे. एकोणपन्नास कदाचित पचेल रे, पण वर पॉइंट तीन, तेही अंगठ्यानं दाबलेल्या घड्याळावर? त्या तीनलाच तर तेव्हा लोक हसले होते.

मामा : ‘भावाचा अंगठा, बहिणीसाठी लवकर दाबला.’ एकतीस वर्षं ऐकतोय. पण तुझ्या तोंडून पहिल्यांदाच.

मुलगी : मी तसं म्हणत नाहीये...

मामा : म्हणालीस.

आई : झालं का दोघांचं? दादा, गाडीत पेट्रोल आहे ना?

मुलगी : आई, हातमोजे कशाला घातलेस?

आई : भाजी चिरायला. सरक.

मुलगी : अगं, बासष्ट वर्षांची आहेस तू!

आई : गाडीला कुठे सांगायचंय? तू तुझ्या वेळ मोजायच्या मशीनपुढे बस. दादा, तू तुझं घड्याळ घे आणि मशीनकडे पाठ करून उभा राहा. तीन फेऱ्या मारते. अंगठा खरा की खोटा, एकदाचं कळू दे.

(गाडी सुरू होऊन लांब जाते.)

मुलगी : पहिली झाली. बोल.

मामा : दोन मिनिटं, एक पॉइंट आठ.

मुलगी : दोन, एक, आठ. बरोबर. असेल योगायोग.

मामा : असेल. अजून गाडीची ओळख करून घेतेय ती.

मुलगी : मामा, शेवटच्या वळणात आई ब्रेक दाबतच नाहीये!

मामा : तिथे कधीच दाबला नाही तिनं. गिअर उतरवते. आवाज ऐक. आली... एक अठ्ठावन्न सहा.

मुलगी : अठ्ठावन्न सहा. अरे, हे...

मामा : आता बोलू नकोस. खरी फेरी ही आहे.

मुलगी : शेवटच्या वळणात शिरली!

मामा : थांब. थांब... हं!

मुलगी : आधी तू सांग.

मामा : एक पंचावन्न नऊ. का गं? चुकलं?

मुलगी : पंचावन्न नऊ! मामा, पंचावन्न नऊ! तिन्ही वेळा एका आकड्याचाही फरक नाही! आणि आईनं मला मागे टाकलं! बासष्टाव्या वर्षी! मी हरले, मामा, हरले!

मामा : मग नाचतेस कशाला?

आई : दादाचं घड्याळ काय म्हणालं?

मुलगी : आई, तू मला हरवलंस!

आई : ते असू दे गं. दादाचं घड्याळ काय म्हणालं?

मुलगी : खरं म्हणालं. तिन्ही वेळा. तेव्हाही खरंच म्हणालं असणार. मामा, माझं चुकलं रे.

मामा : डोळे पूस आधी. माझेही पुसायचेत.

आई : मग जा, यादीत सगळ्यात वर लिहायला सांग. हो, वरच. मला कसली लाज? मी होतेच तेवढी चांगली.

मुलगी : ओ पेंटरकाका, शिडी वर सरकवा! मामा, तिच्या वेळेखाली तुझंही नाव घालू?

मामा : माझं नको. वेळ तेवढी नीट लिहायला सांग. एक एकोणपन्नास तीन. तो तीन विसरू नकोस.