गार हवेचं टोकन

भिंगरी : ...आणि हे? हातात हे काय आहे?

अप्पा : टोकन. बँकेत आल्यावर टोकन घ्यावं लागतं. तू या वेळी शाळेत असायला हवीस ना?

भिंगरी : आज अर्धा दिवस आहे. विषय बदलू नका, अप्पा. बँकेत तुमचं काय काम?

अप्पा : असतात मोठ्या माणसांची कामं.

भिंगरी : या बँकेत तुमचं खातं नाहीये! या अख्ख्या देशात तुमचं खातं नाहीये!

अप्पा : हळू बोल. लोक बघतायत.

भिंगरी : बघू देत. आपलं बोलणं कुठे कळतंय त्यांना? माझी मैत्रीण म्हणाली, तुझे आजोबा रोज दुपारी बँकेच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले असतात. मी म्हटलं, छे गं, आमचे आजोबा दुपारी घरी घोरत असतात. वर शपथ घेतली मी! पडले ना तोंडघशी!

अप्पा : उठसूट शपथ कशाला घ्यायची? आणि मी घोरत नाही.

भिंगरी : कधीपासून चाललंय हे?

अप्पा : काय?

भिंगरी : अप्पाऽऽ!

अप्पा : उन्हाळा लागल्यापासून. अकरा ते चार. रविवारी सुट्टी.

भिंगरी : सुट्टी? नोकरी आहे का ही?

अप्पा : रविवारी बँक बंद असते. शिवाय रविवारी तुम्ही सगळे घरी असता, एसी चालूच असतो. मग मी कशाला बाहेर पडू?

भिंगरी : एक मिनिट. म्हणजे तुम्ही घरचा एसी वाचवायला इथे येऊन बसता?

अप्पा : भिंगरे, तुझ्या आजोबाने एकतीस वर्षं काय केलं?

भिंगरी : दारोदार फिरून विजेचे मीटर वाचले. कुत्री चावली तीनदा. पाठ आहे मला सगळं.

अप्पा : चारदा. तर मीटर बघितल्याशिवाय मला राहवत नाही. इथल्या माणसाला वीज अर्ध्या दरात, आपण परदेशी म्हणून पुऱ्या दरात. त्यात तीनशे युनिटच्या वर गेलं की दर आणखी चढतो. मी यायच्या आधी तुमच्या घरात महिन्याला दोनशे ऐंशी पडायचे. मी आलो आणि झाले तीनशे नव्वद.

भिंगरी : म्हणजे तुम्ही एकशे दहा युनिटचे आहात?

अप्पा : सरासरी.

भिंगरी : अप्पा!

अप्पा : हसू नकोस. तुझा बाप बोटीवर कामाला, तुम्ही दोघी सकाळीच बाहेर. मागे एक म्हातारा उरतो. त्याच्यासाठी अख्खी खोली गार करायची, म्हणजे एका अंड्यासाठी हंडाभर पाणी उकळण्यातली गत.

भिंगरी : मग पंखा लावायचा.

अप्पा : लावून बघितला. इथला पंखा ऊन ढवळतो नुसतं.

भिंगरी : मी आत येताना दारावरच्या त्या मिशीवाल्या काकांना विचारलं तुमच्याबद्दल.

अप्पा : त्याला कशाला विचारलंस? चांगला माणूस आहे तो. रोज मान हलवतो.

भिंगरी : ते म्हणाले, बरं झालं, यांच्या घरचं कुणीतरी आमची भाषा बोलणारं भेटलं. हे आजोबा येतात, टोकन घेतात, आणि मागून कुणी बाई कडेवर मूल घेऊन आली, कुणी काठी टेकत आलं, की आपलं टोकन त्यांच्या हातात ठेवतात. मग उठून नवीन घेतात. दिवसातून दहा वेळा! मॅनेजरला तर वाटतं, तुम्हाला बँकेनेच नेमलंय.

अप्पा : सांग त्याला, पगार सुरू करा म्हणावं.

भिंगरी : जेवता कधी?

अप्पा : तुझी आई ताट झाकून ठेवते, ते डब्यात भरून आणतो. आत खाऊ देत नाहीत. बाहेर पायरीवर बसतो.

भिंगरी : या उन्हात?

अप्पा : एक वाजता तिथे सावली असते. वीतभरच. पण एका माणसाला पुरते. आता तोंड पाडू नकोस. बोलत राहा, तशीच बरी तू. अगं, इथे श्वास सोडून सगळ्याला पैसे पडतात. प्यायचं पाणी विकत. केस कापायला जेवढे घेतात, तेवढ्यात तिकडे माझ्या सहा महिन्यांच्या दाढ्या झाल्या असत्या. राहण्याचं कार्ड नवं करायचं तर पैसे, त्यावर चिकटवायच्या फोटोचे वेगळे पैसे, आणि फोटोत हसलो म्हणून परत काढायला लावला, त्याचे पुन्हा पैसे! या समुद्रकाठी फुकट म्हणून एकच वस्तू आहे.

भिंगरी : काय?

अप्पा : ऊन. आणि नेमकं तेच आपल्याला नको असतं.

भिंगरी : तुमच्या खिशातून काय डोकावतंय? दुसरं टोकन? आता टोकनं साठवायला लागलात?

अप्पा : ते राहू दे.

भिंगरी : दाखवा ना.

अप्पा : भिंगरे, राहू दे म्हटलं ना.

भिंगरी : हे टोकन नाहीये. शेजारच्या तिकीट ऑफिसचं आहे हे. एक प्रवासी. एकेरी. शनिवार... हा शनिवार? परवाचा?

अप्पा : जागा राखून ठेवलीय नुसती. आज पाचच्या आत पैसे भरले तर पक्की, नाहीतर आपोआप सुटते.

भिंगरी : कुठे चाललात तुम्ही?

अप्पा : घरी.

भिंगरी : घरीच तर आहात!

अप्पा : तिकडच्या घरी गं.

भिंगरी : तिकडे कोण आहे? आजीही नाही आता. दाराला कुलूप आहे. तिकडे मीटरसुद्धा फिरत नाहीये, अप्पा!

अप्पा : मी गेलो की फिरेल.

भिंगरी : बाबांना सांगितलंत?

अप्पा : तो बोटीवरून आठ दिवसांनी परत यायचाय. तो यायच्या आधीच निघायला हवं. तो रडतो. लहानपणापासूनचं आहे त्याचं. दात पडला तरी रडायचा, नवा आला तरी रडायचा.

भिंगरी : आणि मी? मी रडत नाही वाटतं?

अप्पा : तू भांडतेस. ते सोपं असतं.

भिंगरी : मग भांडते. का चाललात? एकशे दहा युनिटांसाठी?

अप्पा : विजेचं मी बघून घेतलं असतं. पुढच्या महिन्यात मला सत्तर पुरी होतात. सत्तरीनंतर परदेशी माणसाचा आजारपणाचा विमा अडीच पट होतो. विमा नाही तर राहण्याचं कार्ड नाही. तुझे आईबाबा स्वयंपाकघरात बोलत होते, ते ऐकलं मी.

भिंगरी : चोरून?

अप्पा : चोरून कशाला? भाडं घेतात महालाचं आणि भिंत देतात पुठ्ठ्याची. तुझा बाप म्हणाला, कुठून आणायचे एवढे?

भिंगरी : आणि आई?

अप्पा : काही नाही बोलली.

भिंगरी : मग झालं तर!

अप्पा : तेच तर. ती माणसाला तोंडावर बोलते. मी ओला टॉवेल खुर्चीवर टाकला, बोलली. चहात साखर जास्त घेतली, बोलली. मला बरं वाटतं ते. घरातल्या माणसालाच बोलतो आपण. त्या दिवशी मात्र गप्प बसली. पाहुण्याबद्दल गप्प बसतात तशी.

भिंगरी : असं काही नसेल. विचारा तिला.

अप्पा : सुनेला असलं विचारायचं नसतं.

भिंगरी : मग मी विचारते. येईलच ती.

अप्पा : कोण येईल?

भिंगरी : मी मघाशीच तिला मेसेज टाकला. तिचं हॉटेल काय, दोन चौकांवर. "अप्पा सापडले, बँकेत ये."

अप्पा : सापडले? मी हरवलो होतो का?

भिंगरी : हो. फक्त आम्हाला माहीत नव्हतं.

अप्पा : काय पोरगी आहे! अगं, सकाळपासून चादरी मोजून तिचे हात भरून आलेले असतात. जेवायची सुट्टी ती केवढी, त्यात तिला या उन्हातून...

(काचेचं दार सरकतं. हॉटेलच्या निळ्या गणवेशात, धापा टाकत आई आत येते.)

आई : अप्पा! काय झालं? चक्कर आली का? हात बघू. गार आहेत हात!

अप्पा : बँकच गार आहे गं. मला काही झालेलं नाही. बस तू आधी.

भिंगरी : आई, ऐक. अप्पा रोज इथे येतात, अकरा ते चार, घरचा एसी वाचवायला, तुझं जेवण बाहेर पायरीवर बसून खातात, आणि शनिवारी कायमचे परत चाललेत, हे बघ तिकीट, अजून पैसे भरलेले नाहीत, कारण तू गप्प बसलीस!

आई : श्वास घे. मी कधी गप्प बसले?

अप्पा : हिचं काही ऐकू नकोस.

आई : द्या तो कागद. ...शनिवार. तरीच. तरीच मी म्हणते, संध्याकाळी ताट इतकं लख्ख कसं असतं. मला वाटायचं, किती आवडीने जेवतात!

अप्पा : जेवतो आवडीनेच. फक्त इथे.

आई : तुम्ही आम्हाला महाग पडता, असं कोण म्हणालं तुम्हाला?

अप्पा : म्हणायला कशाला हवं? आकडे वाचता येतात मला.

आई : बरं. मग आकड्यांतच बोलू. पडता महाग. चांगलेच पडता. तुमचा विमा अडीच पट होणार आहे. आणि ही? परदेशी पोरांना सरकारी शाळेत घेत नाहीत. हिच्या शाळेची फी तुमच्या त्या वाढलेल्या विम्याच्या तिप्पट आहे. हिला कोणत्या शनिवारी पाठवू, सांगा.

भिंगरी : ए आई!

अप्पा : ती लेकरू आहे. उद्या कमावेल.

आई : ही? हिचे गणिताचे गुण बघितलेत?

भिंगरी : आपण अप्पांबद्दल बोलत होतो ना? गणित कुठून आलं मध्ये? आणि तू उत्तर दे. बाबा म्हणाले कुठून आणायचे, तेव्हा तू काहीच का बोलली नाहीस? अप्पांनी ऐकलंय सगळं.

आई : ...जा, मला पाणी आण.

भिंगरी : नाही जाणार. मलाही ऐकायचंय.

आई : ऐक मग. ऐकायच्या वयाची झालीस. अप्पा, माझे बाबा गेले ते वर्ष आठवतं?

अप्पा : आठवतं ना. तुम्ही इकडे नवीनच आला होतात. तुला तिकीट मिळालं नाही.

आई : मिळत होतं.

अप्पा : अं?

आई : भावाचा फोन आला, लगेच निघ म्हणून. सोमवारचं तिकीट दुप्पट होतं. बुधवारचं स्वस्त होतं. घराची अनामत भरून हातात काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, दोन दिवसांनी असं काय होणार आहे? बुधवारचं काढलं. ते मंगळवारी गेले.

भिंगरी : आई...

आई : सगळ्यांना सांगितलं, मिळालं नाही. ह्यांनाही तेच सांगितलंय. त्या दिवशी हे म्हणाले, कुठून आणायचे, आणि मला तो सोमवार दिसला. तोंडच उघडेना माझं. तुमच्यामुळे नव्हते हो गप्प बसले.

अप्पा : एवढी वर्षं एकटीने वागवलंस हे?

आई : कुणाला सांगणार? रागावणारं माणूसच गेलं.

अप्पा : मी रागावलो असतो. मग चहा करून दिला असता.

आई : तुमच्या हातचा चहा? त्यापेक्षा राग बरा.

भिंगरी : आणि मग विम्याचं काय? ते राहिलंच की!

आई : चार हप्ते करून घेतलेत. पहिला या सोमवारी भरला. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळची पाळीही घेतलीय मी. ह्यांना बोटीवर फोन करून कळवलं. रडले.

अप्पा : बघ भिंगरे, म्हटलं नव्हतं? पण मला नाही सांगितलंत ते!

आई : सांगितलं असतं तर तुम्ही पाळी घेऊ दिली असती का?

अप्पा : नसती दिली. दोन-दोन पाळ्या करायला तू काय यंत्र आहेस? माझ्यासाठी तू अशी राबणार, हे मला पटत नाही, सरळ सांगतो.

आई : पटू नका देऊ. त्या दोन संध्याकाळी घरचा स्वयंपाक तुम्ही करा.

अप्पा : मी? मला चहासुद्धा येत नाही, आत्ताच म्हणालीस.

आई : शिका. दुपारभर घरात रिकामेच असणार आहात. एसी लावून.

भिंगरी : सव्वीसवर!

अप्पा : अठ्ठावीस.

आई : सव्वीस. आणि मी परत आल्यावर खोली तापलेली सापडली तर बघा. ओल्या टॉवेलवरून बोलते त्याच्या दसपट बोलेन.

अप्पा : बोल बाई, बोल.

भिंगरी : पण पाच वाजता? पाच वाजता जाणार आहात का तिकडे पैसे भरायला? अप्पा, तुम्ही अजून नीट हो म्हणाला नाहीत. मी इथेच बसून राहीन हं, बँक बंद झाली तरी!

अप्पा : तू जरा पाणी आण आईला. त्या यंत्रातलं, कोमट. लगेच गार नको. ...सुट्टी किती राहिलीय तुझी?

आई : वीस मिनिटं असतील.

अप्पा : जेवलीस?

आई : भूक मेलीय. पाय ठणकतायत नुसते.

अप्पा : बूट काढ मग.

आई : इथे? बँकेत?

अप्पा : मी रोज काढतो. कुणी काही म्हणत नाही. टेक मागे. आणि डोळे मीट जरा.

आई : डोळा लागला तर? उशीर झाला तर पाळीचे पैसे कापतात हो.

अप्पा : लागू दे. वेळेवर उठवतो मी. इथेच आहे.